मिनिटाचा भाव

अमेरिकेतून मामाचा फोन आला की आजी ओरडून बोलायची. आवाज तिकडे पोचावा म्हणून ओरडायची आणि मीटर पळतोय म्हणून भरभर बोलायची. "बरा आहेस ना? जेवतोस ना? बरं, ठेवते!" मीटर मामाचा पळतोय, आपला नाही, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही :)

इंजिनिअरिंगला असताना या मिनिटाचा हिशेब मांडला होता. जीएसएमच्या मूळ पद्धतीत आवाजाला सेकंदाला १३ किलोबिट लागतात. म्हणजे मिनिटाला सुमारे १०० केबी, दोघांचं बोलणं धरून २००. मोबाईलवर काढलेला साधा फोटोही याहून मोठा असतो! थोडक्यात, एसटीवाल्याने गोणीचं वजन न करता आत ज्वारी आहे की बासमती ते विचारून भाडं घ्यावं, तसा हा धंदा होता.

इंटरनेटला मात्र गोणीत काय आहे ते कळत नाही. २००३ साली स्काइप आलं आणि आवाज म्हणजे इतर पॅकेटांसारखीच पॅकेटं झाली. आपल्याकडे सरकारने इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी दिली होती, पण कशी? पुण्यातल्या कॉम्प्युटरवरून न्यू जर्सीतल्या फोनला लावा, चालेल. शेजारच्या गल्लीतल्या फोनला लावलात तर नियमभंग!

मोबाईलवर हे भांडण खरं रंगलं ते अमेरिकेत. आयफोन तिथे २००७ साली फक्त एटी अँड टीकडे मिळायचा. मार्च २००९ मध्ये त्यावर स्काइप आलं, पण कॉल चालायचे ते केवळ वाय-फायवर. एटी अँड टीच्या संमतीशिवाय तिच्या मोबाईल नेटवर्कवर इंटरनेट कॉल चालू द्यायचे नाहीत, असं अ‍ॅपलने मान्यच केलं होतं. एफसीसीने विचारणा केल्यावर त्याच वर्षी हे बाहेर आलं आणि ऑक्टोबरमध्ये एटी अँड टीने बंदी उठवली.

आता वाय-फायच का सुटलं? कारण ती हवा कोणाच्या मालकीची नव्हती. १९८५ साली एफसीसीने २.४ गिगाहर्ट्झसारखे पट्टे विनापरवाना वापराला मोकळे केले. मायक्रोवेव्ह ओव्हन जिथे गुरगुरतात तो हा पट्टा, मोठ्या कंपन्यांना नकोसा. लिलाव नाही, परवाना नाही. त्यामुळे तिथे अडवणार तरी कोण! (भारतात हा पट्टा खऱ्या अर्थाने खुला व्हायला २००५ उजाडलं.)

आपल्याकडे हीच लढाई डिसेंबर २०१४ मध्ये आली. एअरटेलने इंटरनेट कॉलना नेहमीच्या डेटा पॅकमधून वगळून ७५ एमबीला ७५ रुपये असं वेगळं पॅक जाहीर केलं. आत बासमती आहे का, पुन्हा तोच प्रश्न! लोक इतके भडकले की महिना संपायच्या आत माघार घ्यावी लागली. पण मिनिटाचा भाव पाडला तो एका मोबाईल कंपनीनेच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने आवाज फुकट आणि पैसे डेटाचे, असं जाहीर केलं. तिचे कॉलही पॅकेटांतूनच जात होते.

असो. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. माझ्या फ्लॅटमध्ये मोबाईलची रेंज येत नाही, म्हणून माझी मोबाईल कंपनी माझेच कॉल माझ्याच ब्रॉडबँडच्या वाय-फायवरून नेते. ब्रॉडबँडचं बिल मी भरतो. मोबाईलचं रिचार्जही मीच करतो.