दोन टॉमी आणि तासाचे पंधरा रुपये

२००२ साली तीन महिन्यांच्या आत दोन व्हिडिओ गेम आले आणि दोन्हींच्या नायकाचं नाव टॉमी होतं. ऑगस्टमध्ये आलेल्या ‘माफिया: द सिटी ऑफ लॉस्ट हेवन’चा टॉमी अँजेलो हा मंदीच्या काळातला टॅक्सी ड्रायव्हर. एका रात्री दोन गुंडांना गाडीत घ्यावं लागतं आणि तो टोळीत ओढला जातो. ऑक्टोबरअखेर आलेल्या ‘जीटीए: व्हाइस सिटी’चा टॉमी व्हर्सेटी तुरुंगातून सुटून १९८६च्या मायामीसारख्या शहरात उतरतो आणि ते शहर ताब्यात घेत सुटतो. पहिला गेम चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात तयार झाला, दुसरा स्कॉटलंडमधल्या एडिंबरात. अमेरिकेतल्या गुन्हेगारीची ही दोन्ही शहरं युरोपात रचलेली होती.

या दोन खेळांवर तेव्हा जे लिहिलं गेलं, त्यातून गेमच्या समीक्षेतला एक जुना वाद सुरू झाला. ‘माफिया’ची गोष्ट समीक्षकांना आवडली. टॉमी आपली सगळी हकीकत एका पोलीस अधिकाऱ्याला सांगतोय, अशी तिची रचना होती आणि गुन्ह्याची किंमत शेवटी चुकवावी लागत होती. तक्रार होती ती शहराबद्दल. गाड्या संथ, सिग्नल तोडला की पोलीस दंड करणार, वेगमर्यादा ओलांडली तरी दंड. एवढं मोठं शहर, पण त्यात गोष्टीबाहेर करण्यासारखं फारसं काही नाही. ‘व्हाइस सिटी’चं कौतुक नेमकं उलट कारणासाठी झालं. तिथलं शहर जिवंत होतं. गाडीत बसलं की रेडिओ लागायचा, आणि गोष्ट बाजूला ठेवून तासन्‌तास भटकता यायचं. तिच्यावर आक्षेप आले ते हिंसेचे, आणि हैतीयन समाजाविरुद्धच्या संवादांचे. न्यूयॉर्कमध्ये निदर्शनं झाल्यावर कंपनीला ते संवाद काढण्याचं मान्य करावं लागलं.

म्हणजे प्रश्न असा होता: गुन्हेगाराची गोष्ट सांगायची असेल, तर त्याचं शहर सताड उघडं असावं की नसावं?

‘व्हाइस सिटी’ची कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती मे २००३मध्ये आली आणि मग ती नाशिकच्या सायबर कॅफेंत पोचली. मी तेव्हा शाळेत होतो. कॉलेज रोडच्या एका गल्लीतल्या कॅफेत आम्ही तासाला पंधरा रुपये मोजायचो. परदेशी समीक्षकाच्या आणि आमच्या खेळण्यात जो फरक होता, त्याचं मूळ या पंधरा रुपयांत आहे. समीक्षकाकडे स्वतःचं यंत्र होतं, सगळा गेम संपवायला पुरेसे दिवस होते. आमच्याकडे एक तास होता, आणि त्यातली पाच-दहा मिनिटं आधीच्या मुलाला खुर्चीवरून उठवण्यात जायची.

‘व्हाइस सिटी’त खेळ कुठेही थांबवून जतन करता येत नाही, त्यासाठी घरी परतावं लागतं. जतन करायला एकूण आठ जागा. एका यंत्रावर आठवड्याला तीस-चाळीस मुलं बसणार आणि जागा आठच. त्यामुळे सोमवारी राखून ठेवलेली प्रगती गुरुवारी दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेलेली असायची. काही कॅफेंत तर यंत्र बंद केलं की दिवसभराचं सगळं आपोआप पुसलं जाई. गोष्ट पुढे नेणं आर्थिकदृष्ट्याच परवडणारं नव्हतं.

मग मुलांनी जे केलं, ती माझ्या मते त्या खेळाची नाशकातली समीक्षाच होती. त्यांनी गोष्ट टाकून दिली आणि शहर ठेवलं. ‘पँझर’ टाइप केलं की रणगाडा मिळतो, ‘लीव्हमीअलोन’ टाइप केलं की मागे लागलेले पोलीस गायब होतात. हे परवलीचे शब्द गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असत. टॉमी व्हर्सेटी तुरुंगात का गेला होता, हे आमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. त्याचे पैसे आणि माल कुणी लुटला, यावर तर अख्खी गोष्ट उभी आहे, तेही नव्हतं. मात्र कुठल्या गल्लीत कोणती मोटारसायकल उभी असते, हे पाठ होतं.

या निवडीला एक मर्यादा होती. सुरुवातीला वादळाच्या इशाऱ्यामुळे पूल बंद असतात आणि शहराचा पश्चिम भाग गोष्टीत पुढे गेल्याशिवाय खुला होत नाही. त्यामुळे आमच्यातल्या कित्येकांनी वर्ष-वर्ष खेळूनही अर्धं शहर पाहिलं नव्हतं. ज्याच्या घरी कॉम्प्युटर होता, तो पलीकडे जाऊन आलेला असे. गंगापूर रोडच्या बंगल्यातला मुलगा आणि सिडकोतला मुलगा एकच खेळ खेळत असले, तरी त्यांचं शहर एक नव्हतं. पुलाच्या अलीकडे थांबलेल्या मुलाचं मत हे अडाणी मत नव्हतं. त्याला मिळालेल्या शहरापुरतं ते अचूक होतं.

पुढच्या वर्षांत समीक्षक याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. २००७मध्ये क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरने ‘बायोशॉक’वर लिहिताना गोष्ट एक सांगते आणि खेळणं दुसरंच सांगतं, या विसंगतीला नाव दिलं. २००८च्या ‘जीटीए ४’ला ते चपखल बसलं: युद्धाच्या आठवणींनी खचलेला निको बेलिक एका प्रसंगात हिंसेबद्दल खंत व्यक्त करतो आणि पुढच्या मिनिटाला खेळणारा त्याच्या हातून फुटपाथवरची माणसं चिरडतो. २०१०च्या ‘माफिया २’वर ‘देखणं पण रिकामं शहर’ असा शेरा बसला. २०१६च्या ‘माफिया ३’ची गोष्ट वाखाणली गेली, पण शहर भरण्यासाठी घातलेली तीच ती कामं कंटाळवाणी ठरली. शेवटी २०२५च्या ‘माफिया: द ओल्ड कंट्री’त निर्मात्यांनी उघड्या शहराचा हट्ट सोडून सरळ गोष्ट सांगितली. गोष्ट आणि शहर वेगळे काढता येतात, हे आमच्या कॅफेत पैशांच्या हिशेबाने आधीच ठरून गेलं होतं.

मराठीत मात्र या सगळ्याची चर्चा एकाच खुंटीला बांधलेली राहिली: मुलं बिघडतात का? २०१७मध्ये ‘ब्लू व्हेल’ची भीती पसरली, सप्टेंबर २०२०मध्ये ‘पबजी’वर बंदी आली, आणि दोन्ही वेळी आपण व्यसन आणि हिंसा यांपलीकडे बोललो नाही. पालकांची काळजी खोटी नाही. मीही आज घरातल्या मुलाच्या हातातल्या मोबाइलकडे बघून चरकतो. पण ‘बंद कर’ याखेरीज त्याच्याशी बोलायला आपल्याकडे शब्द नाहीत, हे जास्त गंभीर आहे. त्या शहरात तुला काय आवडतं, गोष्ट कुठे पटत नाही, त्या माणसाची कीव येते का, हे विचारता यायला हवं.

गुन्हेगारीच्या गोष्टींबाबत आपण हे एकदा केलेलं आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून त्या घरोघरी गेल्या, आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना फार थोडी जागा मिळाली. काळा पहाड वाचणाऱ्या मुलाला त्यात काय दिसत होतं, हे त्या काळी कुणी फारसं विचारलं नाही. तरी त्या पुस्तकांची झिजलेली पानं कुठेतरी उरली आहेत. सायबर कॅफेतल्या मुलांच्या मतांचं तेवढंही उरलेलं नाही. ते कॅफे बंद झाले, यंत्रं भंगारात गेली, वह्या रद्दीत गेल्या. ती मुलं आता पस्तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांना अजून सगळं आठवतंय. लिहून घ्यायचं तर आत्ताच.