घंटा वाजवा, पत्र वाचून दाखवू नका: मेलच्या सूचनेचा छोटा इतिहास

गेल्या वर्षी ग्रुप सेमिनारला मी माझा फोन प्रोजेक्टरला जोडला होता. सेटअपचे चार फोटो दाखवायचे होते, बाकी काही नाही. तिसऱ्या फोटोवर असताना वरून एक पट्टी सरकत खाली आली. जर्नलचं नाव, माझ्या पेपरचा विषय आणि मजकुराची पहिली ओळ: आपला शोधनिबंध आम्हाला स्वीकारता येत नाही. गाइड, दोन ज्युनियर आणि बाहेरून आलेले एक सर, सगळ्यांनी ते माझ्याआधी वाचलं. कोणी काही बोललं नाही. मीही चौथा फोटो लावला.

योगायोग असा की त्याच महिन्यात ग्रुपच्या मेल सर्व्हरचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर डोव्हकॉट चालतो. हा मुक्त स्रोत मेल सर्व्हर फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. ग्रुपची मागणी एकच होती: मेल आला की फोनवर लगेच कळलं पाहिजे. म्हणजे पुश नोटिफिकेशनचं एक एक्स्टेन्शन लिहायचं. मी मूळची फिजिक्सची. वाटलं, दोन वीकेंडचं काम आहे. प्रत्यक्षात पहिले दोन आठवडे मी एकही ओळ लिहिली नाही, नुसती जुनी कागदपत्रं वाचत बसले. ते वाचन वाया गेलं नाही, उलट त्यानेच डिझाइन ठरलं. कसं, ते आज सांगते. तुमच्यापैकी जे रिसर्चची तयारी करताय, त्यांना लिटरेचर रिव्ह्यू नेमका कशासाठी करायचा याचं हे एक उदाहरण समजा.

आधी प्रश्न नीट मांडू

मी वडाळ्याला राहते. वडाळा रोडला हार्बर लाइनचे दोन फाटे फुटतात: एक किंग्ज सर्कलवरून अंधेरी-गोरेगावकडे जातो, दुसरा कुर्ल्यावरून पनवेलकडे. तुम्हाला गोरेगावची गाडी हवी असेल तर दोन मार्ग आहेत. दर मिनिटाला मान वर करून इंडिकेटर बघायचा, किंवा बाकावर पुस्तक वाचत बसायचं आणि अनाउन्समेंट झाली की उठायचं. पहिल्याला पोलिंग म्हणतात, दुसऱ्याला पुश.

पोलिंग किती महाग पडतं त्याचा हिशोब करा. फोन दर ५ मिनिटांनी सर्व्हरला विचारत असेल तर दिवसाला २८८ फेऱ्या होतात. दिवसाला २० मेल येत असले तरी किमान २६८ फेऱ्या रिकाम्या जातात. प्रत्येक फेरीत जोडणी, लॉगिन, विचारणा, निरोप. शिवाय मेल आल्यापासून तो कळेपर्यंत सरासरी अडीच मिनिटं जातात ती वेगळीच. पुशमध्ये हे वाचतं. मग सगळीकडे पुशच का नाही? कारण अनाउन्समेंट करायला कोणीतरी जागं लागतं, ते ऐकायला कोणीतरी लागतं, आणि मध्ये एक लाउडस्पीकर लागतो. इतिहासात भांडणं झाली ती या तीन गोष्टींवरून.

बिफ: किती सांगायचं?

बर्कली युनिक्समध्ये १९८० च्या सुमारास बिफ नावाची एक छोटी आज्ञा आली. बिफ हे बर्कलीतल्या हायडी स्टेटनर यांच्या कुत्र्याचं नाव. पोस्टमन दिसला की तो भुंकायचा म्हणून हे नाव दिलं अशी गोष्ट सांगतात, पण खुद्द स्टेटनर यांनी ती नाकारली आहे. (पहिला धडा इथेच: छान वाटणारी गोष्ट थीसिसमध्ये टाकण्याआधी तपासा.)

त्याची रचना बघण्यासारखी आहे. मेल पोचवणारा प्रोग्राम कॉमसॅट नावाच्या सेवेला यूडीपीचं एक इवलंसं पाकीट पाठवायचा. त्यात फक्त दोन गोष्टी असत: कोणाचा मेल आहे आणि तो मेलबॉक्समध्ये कुठून सुरू होतो. मजकूर नाही. यूडीपी म्हणजे पोचल्याची हमी नाही. पाकीट हरवलं तर हरवलं, मेल तर डिस्कवर सुखरूप आहे! पुढे कॉमसॅट मेलबॉक्स उघडायचा आणि पहिल्या काही ओळी तुमच्या टर्मिनलवर छापायचा. तुम्ही दुसऱ्याच कामात असलात तरी मध्येच.

म्हणजे माझ्या सेमिनारमध्ये जे झालं ते चाळीस वर्षांपूर्वीही होत असणार, फक्त प्रोजेक्टर नव्हता. पुढे फ्रीबीएसडीच्या बिफमध्ये एक वेगळा पर्याय आला: मजकूर नको, नुसती घंटा वाजव. हे वाचलं तेव्हा मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: सूचना आणि पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुहू ते पवई: फोन कोण लावणार?

आता आपल्या मुंबईत या. १९८६-८७ मध्ये अर्नेट हे शैक्षणिक आणि संशोधन संस्थांचं जाळं सुरू झालं. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतला तो विभाग आणि जुहूची एनसीएसटी यांनी मिळून ते उभं केलं. एनसीएसटी म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालं. सुरुवातीच्या डायल-अप मेलच्या जोडण्यांपैकी एक होती एनसीएसटी ते आयआयटी मुंबई, म्हणजे जुहू ते पवई.

त्या वेळी मेल जायचा यूयूसीपीने. दोन यंत्रं कायमची जोडलेली नसत. एक यंत्र मोडेमवरून दुसऱ्याला साध्या टेलिफोन लाइनवर फोन लावायचं, साठलेली पत्रं दोन्ही बाजूंनी द्यायची-घ्यायची, की फोन बंद. कोणाला कधी फोन लावायचा याचं वेळापत्रक एका फाइलमध्ये लिहिलेलं असे. इथे "लगेच कळणं" ही कल्पनाच बसत नाही. फोन जो लावेल त्याचं बिल येणार, म्हणून पत्रं साठू द्यायची आणि ठरलेल्या वेळी एकदम न्यायची. आज आपण याला मागासलेपण म्हणू. पण लाइन महाग आणि बेभरवशाची असताना हेच शहाणपण होतं.

१९९२ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेत व्हर्जिनियातल्या यूयूनेटपर्यंत ६४ किलोबिट वेगाची जोडणी सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. पण घरी परिस्थिती यूयूसीपीसारखीच होती. आमच्या मामाकडे गिरगावात डायल-अप होतं. इंटरनेट चालू म्हणजे घरचा फोन एंगेज. म्हणून तो रात्री जेवणं झाल्यावर मोडेम लावायचा, मेल उतरवून घ्यायचा आणि लाइन सोडायचा. आलेल्या मेलची वर्दी त्याला मिळत नव्हती, आणि त्याची काही तक्रारही नव्हती.

आयडल: वाट कोणी बघायची?

मेल वाचायचे दोन प्रोटोकॉल तोवर रुळले होते. पॉप हा मामाच्या पद्धतीचा: या, पत्रं उचला, जा. दुसरा आयमॅप, जो मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ पासून स्टॅनफर्डमध्ये घडवला. त्यात पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि क्लायंट बराच वेळ जोडलेला राहू शकतो. आता नवल बघा: जोडलेला असूनही क्लायंटला थोड्या थोड्या वेळाने "काही नवीन?" असं विचारावंच लागायचं.

१९९७ मध्ये बॅरी लीबा यांनी आरएफसी २१७७ लिहिला. अगदी छोटा दस्तऐवज, चहा संपेपर्यंत वाचून होतो. त्यात आयडल ही एकच आज्ञा आहे. क्लायंट म्हणतो, मी आता गप्प बसतो, काही आलं तर तूच सांग. पण सर्व्हरला ३० मिनिटं शांत असलेलं कनेक्शन तोडायची मुभा होती, म्हणून किमान दर २९ मिनिटांनी आयडल पुन्हा द्या असा सल्लाही त्यातच आहे.

डेस्कटॉपवर हे झकास चालतं. फोनवर अडचण येते. मोबाइल नेटवर्क शांत कनेक्शन बऱ्याचदा २९ मिनिटांच्या कितीतरी आधी विसरतं, म्हणून फोनला मध्ये मध्ये रेडिओ जागा करून "मी आहे" म्हणावं लागतं. एका अ‍ॅपने केलं तर ठीक. वीस अ‍ॅप्सनी आपापलं कनेक्शन धरलं की बॅटरी दुपारीच संपते. म्हणजे वाट बघायचं ओझं सर्व्हरवरून उचललं ते फोनच्या बॅटरीवर टाकलं. ओझं नाहीसं झालं नाही, फक्त जागा बदलली.

मध्यस्थ: लाउडस्पीकर कोणाचा?

यावर उत्तर निघालं ते असं: प्रत्येक फोनचं एकच कनेक्शन, आणि सगळ्या अ‍ॅप्सच्या सूचना त्यावरूनच. ॲपलने ही सेवा २००९ मध्ये सुरू केली, गूगलने २०१० मध्ये. बॅटरी वाचली, पण मध्ये एक मध्यस्थ आला. कोणत्या फोनला किती वाजता काय आलं, हे त्याला दिसतं.

मध्यस्थ असला की सरकारी मागणीही त्याच्याच दारात येते, हे मुंबईने आधीच पाहिलं होतं. हातातल्या यंत्रावर मेल आपणहून येऊन पडणं ही ब्लॅकबेरीची खासियत. २०१० मध्ये भारत सरकारने त्यांच्या संदेशांपर्यंत पोचण्याची मागणी केली, आणि पुढे कंपनीने मेसेंजर सेवेपुरती त्यासाठीची सोय मुंबईतच उभी केली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांनी पत्र लिहून उघड केलं की सरकारं ॲपल आणि गूगलकडे पुश सूचनांच्या नोंदी मागतात. ॲपलने त्याला दुजोरा दिला.

यात कोण बरोबर आणि कोण चूक हा या लेखाचा विषय नाही. डिझाइनच्या दृष्टीने मुद्दा साधा आहे: जे मध्यस्थाला दिलंच नाही, ते त्याच्याकडे कोणी मागू शकत नाही.

मग मी काय केलं

डोव्हकॉटमध्ये पुश सूचनेचं प्लगइन आधीच आहे. नवा मेल आला, वाचला गेला, अशा घटना ते पकडतं आणि पुढे ड्रायव्हरकडे देतं. त्याच्यासोबत मिळणारा एक ड्रायव्हर पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराचा तुकडा असं सगळं पाठवू शकतो. माझा पहिला आराखडा हुबेहूब तसाच होता. वाचन झाल्यावर तो फाडला आणि पाच गोष्टी ठरवल्या.

एक, पाकीट रिकामं. "काहीतरी बदललंय" एवढंच सांगायचं. मग फोन स्वतः सर्व्हरकडे येऊन, लॉगिन करून, मेल नेईल. कॉमसॅटचं पाकीट असंच होतं, आणि २०१९ चा जेमॅप हा नवा प्रोटोकॉलही पुशमध्ये फक्त बदललेल्या स्थितीची खूण पाठवतो. जे काही पाठवायचं तेही वेब पुशच्या पद्धतीने, आरएफसी ८२९१ प्रमाणे, कुलूपबंद.

दोन, नोंदणी आयमॅपमधूनच. फोनचा पत्ता सर्व्हरकडे ठेवायला वेगळं खातं नको. आरएफसी ५४६४ मधल्या मेटाडेटाच्या सोयीने लॉगिन केलेला क्लायंटच तो ठेवतो.

तीन, मेलची डिलिव्हरी सूचनेसाठी थांबणार नाही. सूचना वेगळ्या रांगेत जाते. मध्यस्थ बंद असला तरी मेल वेळेवर पोचतो.

चार, दहा सेकंदांत तीस मेल आले तर घंटा एकदाच.

पाच, सूचना हरवू शकते हे गृहीत धरायचं. म्हणून फोन तासाभराने एकदा स्वतःही विचारतो. आणि फोनचा पत्ता आता चालू नाही असं मध्यस्थाने कळवलं की तो पुसून टाकायचा.

कोड सगळा मिळून चारशेएक ओळींचा झाला. सुटलं नाही तेही सांगते. सूचना किती वाजता आली हे मध्यस्थाला अजूनही दिसतं. आणि आयफोनसाठी सूचना पाठवायची किल्ली अ‍ॅप बनवणाऱ्याकडे असते, त्यामुळे आपल्या सर्व्हरला त्याच्यामार्फतच जावं लागतं. हे दोन्ही मी रिपोर्टमध्ये मर्यादा म्हणून स्पष्ट लिहिलंय. तुम्हीही लिहीत जा, परीक्षक शोधून काढण्याआधी.

तुमच्यासाठी

जुना पेपर किंवा जुना आरएफसी वाचताना आपण पटकन म्हणतो, हे आता कालबाह्य झालं. त्याऐवजी विचारा: त्या वेळी महाग काय होतं? यूयूसीपीला टेलिफोनची लाइन महाग होती, आयडलला फेऱ्या, फोनला बॅटरी. उत्तरं बदलली कारण महाग गोष्ट बदलली. मग स्वतःला विचारा, आज माझ्या प्रश्नात महाग काय आहे? आमच्या ग्रुपपुरतं तरी ते होतं खासगीपण, आणि ते मला कुठल्या बेंचमार्कमध्ये दिसलं नसतं.

या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या विषयातली रोज वापरायची एखादी पद्धत घ्या आणि तिच्या आधीच्या तीन पिढ्या शोधा. प्रत्येकीपुढे एकच ओळ लिहा: हिला कशाची टंचाई होती. तिसऱ्या ओळीपर्यंत तुमचा स्वतःचा प्रश्न बराच स्पष्ट झालेला असेल.

परवा पुन्हा सेमिनार होता. फोन प्रोजेक्टरला जोडलेलाच होता. मध्येच वर पट्टी आली: नवीन मेल. एवढंच. तो मेल मी वडाळ्याला घरी पोचल्यावर वाचला.