पेट्रोलचा काटा आणि काठी

मंडळी, आजचा विषय जरा तेलकट आहे. गाडीच्या टाकीत पेट्रोल किती उरलंय हे सांगणारा सेन्सर, आणि तो खरं सांगतोय की नाही हे तपासायचं कसं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे 'टेस्टिंग' म्हटलं की कान टवकारतात. पण या टेस्टिंगचा इतिहास माझ्या धंद्यापेक्षा जुना निघाला.

फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ बनत होती. दीड कोटी गाड्या बनल्या आणि एवढ्या गाड्यांना पेट्रोलचा काटाच नव्हता! टाकी बहुधा पुढच्या सीटखाली. सीट उचलायची, झाकण काढायचं, खुणा केलेली लाकडी पट्टी बुडवायची आणि ती कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. पेट्रोल इंजिनाकडे नुसतं उतारानं वाहत जायचं, म्हणून पेट्रोल कमी असलं की मोठ्या चढावर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवावी लागे. जर्मनीच्या बीटललाही १९६१-६२ पर्यंत काटा नव्हता, रिझर्व्हची तोटी होती.

रिझर्व्हची तोटी म्हणजे काय हे बजाज चेतकवर (जन्म १९७२) वाढलेल्या पिढीला सांगायला नको. टाकीत दोन तोंडं, एक वर, एक खाली. वरचं कोरडं पडलं की स्कूटर गचके खाते, मग हात खाली घालून तोटी फिरवायची. तेवढ्यानंही भागलं नाही तर स्कूटर आडवी करायची. यात बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. गोम एवढीच, की हा 'सेन्सर' एकाच प्रश्नाचं उत्तर देतो आणि तेही गचके बसल्यावर. आणि पेट्रोल भरल्यावर तोटी परत 'ऑन' करायची आठवण तुमची तुम्ही ठेवायची.

शहरात हे चालून जातं. अमरावतीहून परतवाडा सोडून सेमाडोहमार्गे धारणीकडे निघालात की मात्र घाट आणि जंगल. मेळघाटातून पेशंट घेऊन अमरावतीच्या इर्विनकडे निघालेल्या जीपचा काटा खोटं बोलत असेल तर ती गोष्ट गमतीची राहत नाही. शिवाय घाटात टाकी कलते, पेट्रोल एका बाजूला जातं, आणि चांगला काटासुद्धा चढावर एक आणि उतारावर एक सांगतो. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तिच्या जुन्या मॉडेलांत टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच होती. म्हणजे काटा होता, पण शंका आली तर सीट उचलून काठी घालायची सोयही होती. मला ही रचना फार आवडते. यंत्र आणि त्याची पडताळणी एकाच सीटखाली!

आता आतली भानगड. आपले मिस्त्री ज्याला 'टँक युनिट' किंवा नुसतं 'फ्लोट' म्हणतात, त्यात एक तरंगता गोळा असतो. त्याची दांडी वरखाली झाली की एक छोटा संपर्क रोधाच्या पट्टीवर सरकतो आणि वायरमधला रोध बदलतो. बस्स. मल्टिमीटर लावून दांडी सावकाश खालून वर न्यायची. आकडा एकसारखा बदलत गेला तर युनिट चांगलं. मध्येच उडी मारली किंवा गायब झाला तर पट्टी तिथे झिजलीय. शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकून फिरणाऱ्याच्या गाडीत ती साहजिकच खालच्या टोकाला झिजते, म्हणजे जिथे तिची खरी गरज आहे तिथेच.

मल्टिमीटर नसेल तर जुनी युक्ती म्हणजे युनिटची वायर काढून क्षणभर बॉडीला लावायची आणि काटा कुठे जातो ते बघायचं. (टाकीच्या तोंडाशी नको हो, ठिणगी आणि वाफ यांची मैत्री बरी नव्हे.) पण इथे इतिहास आडवा येतो. १९६० च्या दशकाआधीच्या ब्रिटिश गाड्यांत समतोल कॉइलचे काटे असत, ते अर्थ केल्यावर 'रिकामी' दाखवतात. नंतर तापून वाकणाऱ्या दुहेरी पट्टीचे काटे आले, ते अर्थ केल्यावर 'फुल' दाखवतात. परीक्षा एकच, उत्तरं उलटी. गाडी कुठल्या घराण्यातली हे माहीत नसेल तर चांगलं युनिट भंगारात जातं. अकोल्यातल्या एका मिस्त्रीचं ठरलेलं वाक्य होतं, "मीटर कायले बदलता भाऊ, पह्यले फ्लोट पाहा." तो काहीही उघडण्याआधी गाडी कुठल्या साली बनली ते विचारायचा.

युनिट ठीक, वायर ठीक, तरी काटा चुकतो, असंही होतं. २००४ साली अमेरिकेत लुइझियाना, फ्लोरिडा भागात गाड्यांचे काटे एकाएकी बिघडले. दोष निघाला पेट्रोलमधल्या गंधकाचा. संपर्काला चांदी असते आणि गंधकानं ती काळी पडते, जशी घरातली जोडवी काळी पडतात तशी. त्या काळ्या थरातून वीज नीट जात नाही. आपल्याकडे बीएस-३ पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखात १५० भाग होती, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १०. धुरासाठी केलेला हा नियम चांदीलाही मानवतो.

नव्या गाड्यांत आमची जमात मध्ये घुसलीय. युनिटचा आकडा आधी कॉम्प्युटरकडे जातो. तो काही वेळाची सरासरी काढतो, म्हणजे वळणावर काटा झुलत नाही, आणि मगच मीटरला कळवतो. संशयित एकाचे तीन झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मारुतीनं ३९,५०६ ग्रँड विटारा परत बोलावल्या, त्यात संशय टाकीतल्या फ्लोटवर नव्हता. स्पीडोमीटरच्या जुळणीतला इंधनाचा निर्देशक आणि इशाऱ्याचा दिवा चुकीचं दाखवू शकतो, असं कारण दिलं गेलं. अशा वेळी टाकी उघडून काय सापडणार?

मग सामान्य माणसानं काय करायचं? आता सीटखाली काठी घालता येत नाही, पण शिक्का मारलेलं एक माप रस्त्यावर आहेच, ते म्हणजे पंपाचं मीटर. (त्याच्यावरही विश्वास नसेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागून तपासता येतं. पंपवाला कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.) अकोला ते अमरावती सुमारे शंभर किलोमीटर, रस्ता बऱ्यापैकी सपाट. याच रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनेसात नाव गेलं. इशाऱ्याचा दिवा लागला की सपाट जागी, इंजिन बंद करून पाच पाच लिटर भरायचं, दर वेळी चावी फिरवून काटा कुठे आला ते लिहायचं. टाकीचा आकार वेडावाकडा असल्यामुळे प्रत्येक पाच लिटरला काटा सारखा सरकत नाही, तो बिघाड नव्हे. शेवटी जेवढं पेट्रोल मावलं ते मॅन्युअलमधल्या टाकीच्या मापातून वजा करायचं. दिवा लागल्यावर तुमच्याकडे खरोखर किती लिटर शिल्लक असतात तो हा आकडा. तो कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा.