दात काढला, लगेच स्क्रू बसवला! पण हाडाचं काय?

आजचा इतिहास आपल्या जबड्यातला. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर नवा दात. मी बी.टेक.वाला, डॉक्टर नाही. पण ही गोष्ट आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या कामाची आहे.

१९५२ साली स्वीडनचे ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून रक्तप्रवाह बघत होते. नंतर काढायला गेले, तर निघेचना! हाडाने ते घट्ट धरलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन यांच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले, तोवर ते टिकले.

पण ही पद्धत सबुरीची. दात काढा, जखम भरू द्या, मग स्क्रू, मग पुन्हा तीन ते सहा महिने थांबा. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर ती जगभर गेली. त्याच वर्षी आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला.

इतकं थांबायचं कशाला? जर्मनीत शुल्टे यांनी सत्तरच्या दशकातच दात काढल्या काढल्या त्याच खड्ड्यात इम्प्लांट बसवले. म्हणजे एक ऑपरेशन कमी. सिरोंच्याहून येणाऱ्याचं एसटीचं भाडं आणि मजुरीही वाचते.

मग अनेकांना वाटलं, लगेच स्क्रू बसवला की हाड झिजत नाही. २००५ मध्ये आराउजो आणि लिंढे यांनी कुत्र्यांवर ते तपासलं. स्क्रू असूनही गालाकडची पातळ भिंत खचली. तिचा आतला थर दातासाठीच असतो. दात गेला की तोही जातो. उरलेल्या फटीत आधी रक्ताची गुठळी, मग कच्चं हाड, मग पक्कं. याला फास्ट फॉरवर्ड नाही.

आणि इथे येतो आपला खर्रा. तंबाखूने जखमेचा रक्तपुरवठा घटतो. सुपारीने तोंड आखडतं, मग डॉक्टरचं हत्यारच आत जात नाही.

म्हणून लगेच इम्प्लांट करायचा असेल, तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: गालाकडची भिंत शाबूत आहे का? तपासणीला किती खेपा? पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा तारखा पावसाळा बघून घ्या. आणि खर्रा आधीच सोडा.

खर्रा घोटणाऱ्या मित्राला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!