बंद खोलीतील हवा आणि श्वसनाचे आजार : बुऱ्हाणपूरचे उदाहरण

वास्कोहून निघालेली गोवा एक्स्प्रेस भुसावळ सोडून रावेरच्या पुढे गेली की मध्य प्रदेशाची हद्द लागते आणि थोड्याच वेळात तापीकाठचे बुऱ्हाणपूर येते. फारुकी सुलतानांच्या काळात ही खानदेशाची राजधानी होती. पुढे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ते मोठे ठाणे झाले. मुमताजमहलचा मृत्यू १६३१ साली याच शहरात झाला. आज जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या या भागात मराठी अनेक घरांत बोलली जाते आणि शहराचे पोट मुख्यतः यंत्रमागावर चालते. श्वसनाचे विषाणू बंद जागेतील हवेतून कसे पसरतात आणि त्यांना अटकाव कसा करावा, हे समजून घेण्यासाठी यंत्रमागाचा कारखाना हे उत्तम उदाहरण आहे.

या प्रदेशाने साथीचे दुःख पूर्वीही भोगले आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. बुऱ्हाणपूर त्या वेळी मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात होते, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक प्राणहानी झालेल्या भागांपैकी एक होता. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू मात्र प्रयोगशाळेत वेगळा काढता आला तो १९३३ साली. रोग कशाने होतो हे तेव्हा कळले. तो एकाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, यावरचा वाद पुढे कितीतरी वर्षे चालू राहिला.

थेंब आणि सूक्ष्म कण

माणूस श्वास सोडतो, बोलतो, गातो, खोकतो, तेव्हा प्रत्येक वेळी द्रवाचे असंख्य कण बाहेर पडतात. त्यांचे आकार निरनिराळे असतात आणि हवेत टिकण्याचा काळ आकारावर ठरतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शंभर मायक्रोमीटरचा थेंब दीड मीटर उंचीवरून स्थिर हवेत सुमारे पाच सेकंदांत जमिनीवर येतो. पाच मायक्रोमीटरच्या कणाला त्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, तर एक मायक्रोमीटरचा कण बारा तासांपर्यंत तरंगू शकतो. खोलीतील हवा कधीच पूर्ण स्थिर नसते. त्यामुळे असे कण उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर पसरतात.

अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम वेल्स यांनी १९३० च्या दशकातच या तरंगणाऱ्या कणांचे महत्त्व ओळखले होते. तरीही श्वसनाचे बहुतेक विषाणू जवळच्या माणसावर उडणाऱ्या मोठ्या थेंबांतून आणि हातांच्या स्पर्शातूनच पसरतात, ही समजूत वैद्यकात दीर्घकाळ टिकली. कोविडच्या साथीत, जुलै २०२० मध्ये, २३९ शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष देण्याची मागणी केली. भारत सरकारचे तत्कालीन प्रमुख वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात हे स्पष्ट मांडले : थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, परंतु सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून घरांत व कामाच्या ठिकाणी वायुवीजन हवे.

घटना काय सांगतात

१९७७ साली अमेरिकेतील अलास्कात ५४ माणसे असलेले एक विमान इंजिनातील बिघाडामुळे सुमारे तीन तास धावपट्टीवर खोळंबले. त्या काळात विमानातील हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि आत एक प्रवासी इन्फ्लुएन्झाने आजारी होता. पुढील ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्याच वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा सराव अडीच तास चालला. ६१ जण हजर होते. त्यांतील ५३ जणांना कोविडची खात्रीशीर किंवा संभाव्य लागण झाली आणि दोघांचा मृत्यू झाला.

दोन्ही ठिकाणी जागा बंदिस्त होती, माणसे बराच वेळ एकत्र होती आणि ताजी हवा अपुरी होती. दुसऱ्या घटनेत मोठ्या आवाजाचीही भर पडली, कारण आवाज जितका चढा, तितके अधिक कण तोंडावाटे बाहेर पडतात.

मागाच्या खोलीत

आता यंत्रमागाच्या कारखान्यात डोकावू. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होऊन तुटतो आणि प्रत्येक तुटलेल्या धाग्यापायी माग थांबवावा लागतो. त्यामुळे विणकामाच्या जागेत दमटपणा टिकवण्याकडे आणि वाऱ्याचा झोत टाळण्याकडे साहजिकच कल असतो. खिडकी उघडी ठेवण्यात धंद्याचा तोटा दिसतो. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. पाळी आठ-बारा तासांची असते. मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मापावर मिळत असल्याने खोकला झाला म्हणून घरी राहणे कामगाराला परवडत नाही. बंदिस्त जागा, दीर्घ सहवास, चढा आवाज आणि आजारी असूनही कामावर येण्याची सक्ती, अशा चारही गोष्टी येथे एकत्र येतात. अनेक ठिकाणी मागाची खोली घराला लागूनच असते. तेथे शिरलेला विषाणू घरातील म्हाताऱ्यांपर्यंत आणि तान्ह्या बाळापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

कापसाचे तंतू नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून कामगार तोंडाला रुमाल बांधतात. रुमाल मोठे तंतू अडवतो. विषाणू वाहून नेणारे बारीक कण त्याच्या विणीतून आणि कडेच्या फटींतून आरपार जातात. एन-९५ प्रकारचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखपट्टा ०.३ मायक्रोमीटरचे किमान ९५ टक्के कण अडवतो. दोहोंतला हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

धोका कमी करण्याचे उपाय

पहिला उपाय म्हणजे ताजी हवा. खोलीतील सर्व हवेइतकी बाहेरची हवा तासात किती वेळा आत येते, यावर वायुवीजन मोजतात. हे प्रमाण तासाला एक असेल, तर हवेतील ९५ टक्के कण जाण्यास सुमारे तीन तास लागतात; पाच असेल, तर ३६ मिनिटे पुरतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये पाचचे उद्दिष्ट सुचवले. त्यासाठी समोरासमोरची खिडकी व दार उघडे ठेवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. खिडकी एकच असेल, तर तीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि समोरचे दार उघडे ठेवावे. छताचा पंखा खोलीतलीच हवा ढवळतो. तो ताजी हवा आणत नाही.

बुऱ्हाणपूरच्या कडक उन्हाळ्यात कूलर सर्वत्र असतो. तो खिडकीबाहेर बसवून समोरची वाट उघडी ठेवली, तर ओल्या जाळीतून बाहेरची हवा सतत आत येते. मागाच्या खोलीत दमटपणा व ताजी हवा दोन्ही मिळवण्याचा हा एक मार्ग आहे. तोच कूलर बंद खोलीच्या आत ठेवला, तर आतलीच हवा फिरत राहते. गोव्याच्या दमट हवेत कूलरचा उपयोग होत नाही. तेथे वातानुकूलन यंत्रे आली. घरा-दुकानांतील नेहमीची भिंतीवरची यंत्रे आतलीच हवा थंड करून परत सोडतात. म्हणून पावसाळ्यात खिडक्या लावून यंत्र चालवणारे पणजीतील दुकान किंवा शिकवणीवर्ग आणि बुऱ्हाणपूरची मागाची खोली यांत या दृष्टीने फारसे अंतर नाही.

दुसरा उपाय मोजमापाचा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते, तर उच्छ्वासात सुमारे ४०,०००. खोलीत ते २,४०० झाले, तर आपण घेतो त्या हवेचा विसावा भाग आधी कुणाच्या तरी फुफ्फुसांतून येऊन गेलेला असतो. हे प्रमाण दाखवणारे छोटे यंत्र शाळा, कार्यालये व कारखान्यांत ठेवता येते. आकडा ८०० च्या आत राहिला तर हवा चांगली खेळती आहे असे समजावे. तो सतत हजारावर राहू लागला, तर खिडक्या उघडाव्यात किंवा माणसे कमी करावीत.

तिसरा उपाय गाळणीचा. खिडकीच नसलेल्या जागेत हेपा गाळणीचे हवाशुद्धी यंत्र सूक्ष्म कण काढून टाकते. मात्र ते खोलीच्या आकाराला पुरेसे हवे. यंत्रमागाच्या जागेत कापसाच्या तंतूंनी गाळणी लवकर तुंबते. ती वरचेवर साफ करावी किंवा बदलावी लागते.

वायुवीजनालाही मर्यादा आहेत. आजारी माणसाच्या अगदी जवळ बसल्यास खिडकी उघडी असूनही लागण होऊ शकते. म्हणून लसीकरण, आजारपणात घरी राहणे, मुखपट्टा आणि हात धुणे यांचे महत्त्व कायम राहते. यातील घरी राहण्याचा उपाय कामगाराच्या एकट्याच्या हाती नाही. आजारपणाच्या दिवसांची मजुरी बुडणार असेल, तर तो खोकत कामावर येणारच. हवेची जबाबदारीही अशीच मालक, घरमालक आणि शाळाचालक यांच्याकडे जाते, कारण भिंतीत खिडकी किंवा पंखा बसवण्याचा अधिकार त्यांनाच असतो.

बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा आजही पाहता येतो. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यातून शहराकडे आणणाऱ्या या योजनेत ठिकठिकाणी वर उघडणाऱ्या शंभरेक कुंड्या आहेत. त्यांतून पाणी काढता येते, आणि बोगद्यात हवा व उजेडही पोहोचतो. पिण्याचे पाणी स्वच्छ असावे हा आग्रह आपण केव्हाच मान्य केला आहे. एका खोलीत बसून अनेकांनी घ्यायच्या हवेबाबत तोच आग्रह धरण्याची वेळ आली आहे, आणि त्याची सुरुवात एक बंद खिडकी उघडण्यापासून करता येते.