गुंडी
गुंडी : हातसुताच्या लांबीचे एक माप. चार फूट परिघाच्या फाळक्यावरील सुताचा एक वेढा म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी व ४ लटींची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी होई. तीत २,५६० फूट किंवा सु. ८५३ वार सूत असे. १ फूट = ०.३०४८ मी. या प्रमाणाने तिची लांबी ७८०.२८८ मी. येते. गिरणीच्या सुताचा इंग्रजी हँक ८४० वारांचा असल्याने गुंडी त्याहून किंचित मोठी होती. काँग्रेसच्या बेळगाव अधिवेशनाने (१९२४) सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सुताची अट मान्य केली. ते सूत बरोबर १,५०० तार भरते.

१९३० नंतरच्या दशकात वर्धा हे खादी व ग्रामोद्योगांचे केंद्र बनले. तेथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने आपल्या अहवालात कताईची अपेक्षित गती याच मापाने सांगितली. त्यामुळे गुंडी हे माप शाळेच्या अभ्यासक्रमातही आले.

या मापाचा मोठा गुण म्हणजे तोळ्याशी असलेला त्याचा मेळ. गुंडीच्या तोळ्यांतील वजनाने ४० ला भागल्यास सुताचा इंग्रजी नंबर जवळजवळ मिळे; चूक सु. सव्वा टक्क्याची राही. दोन तोळ्यांची गुंडी म्हणजे सु. २० नंबरी सूत, हा हिशेब तोंडी करता येई.

१९५६ च्या वजन व मापे मानके अधिनियमानंतर भारतात मीटर व किलोग्रॅम ही एकके आली आणि पुढे खादीच्या व्यवहारात १,००० मीटरची गुंडी रूढ झाली. तिच्या ग्रॅममधील वजनाने ५९०.५ ला भागल्यास इंग्रजी नंबर मिळतो. २० नंबरी सुताची नवी गुंडी सु. २९.५ ग्रॅम भरते, तर जुनी सु. २३ ग्रॅम भरे. नव्या गुंडीत सु. ८२० तार असतात. मजुरी गुंडीवर ठरत असल्याने हा फरक केवळ गणिती नाही. जुनाच दर नव्या गुंडीला लावल्यास सु. १८० तारांचे श्रम विनामूल्य जातात. मजुरी कायम राखण्यास दर सु. २८ टक्क्यांनी वाढवावा लागतो. म्हणूनच जुने व नवे उत्पादन-आकडे ताडून पाहताना गुंड्यांची संख्या तशीच न घेता प्रथम तिचे मीटरमध्ये रूपांतर करणे आवश्यक ठरते.