कामाची वाट कोणाची?

कामगाराचा दिवस केव्हा सुरू होतो, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. हजेरीपटाप्रमाणे तो कारखान्याचा भोंगा वाजताच सुरू होतो. घरच्या माणसांच्या हिशेबाने मात्र डबा हाती घेऊन उंबरठा ओलांडला, की तो सुरू झालेला असतो. या दोन क्षणांमधला काळ, त्यातला खर्च आणि त्यातले धोके कोणाच्या खाती मांडावयाचे, हा वाद यंत्रयुगाइतकाच जुना आहे. कामाची जागा व वेळ ठरवितो मालक. वाट तुडवितो नोकर. तेव्हा त्या वाटेचा काही भार मालकानेही उचलावा की काय, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी स्थापिली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी परळ, लालबाग, वरळी या भागांत चाळींची दाटी झाली. कोकणातून व घाटावरून आलेला कामगार पाळीला पायीच जाई. वाटेचा खर्च वाचला खरा, परंतु त्याची किंमत हवा, उजेड आणि मोकळी जागा यांना मुकून त्याला द्यावी लागली. याच प्रश्नाचे निराळे उत्तर १९१० साली औंध संस्थानात मिळाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर कारखाना काढला आणि त्याच्या जोडीला कामगारांची वसाहतही वसविली. तीच किर्लोस्करवाडी. घर आणि काम यांमधले अंतर हा कारखानदारीच्या योजनेचाच एक भाग होय, ही दृष्टी तेथे होती.

परंतु मोठ्या शहरात प्रत्येकास कामापाशी घर मिळणे शक्य नव्हते. अंतर वाढले, आणि वाटेची जबाबदारी कोणाची हा प्रश्न न्यायालयात जाऊन उभा राहिला. १९५७ साली मुंबईच्या बेस्ट उपक्रमातील एक बसचालक जोगेश्वरीच्या आगारात आपले काम संपवून उपक्रमाच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. वाटेत ती बस उभ्या असलेल्या एका लॉरीवर आदळली व त्यात त्याचा अंत झाला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली. काम तर संपले होते. मग हा अपघात नोकरीच्या ओघात घडला असे कसे म्हणावे, असा पेच होता. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल विधवेच्या बाजूने दिला. बसमधून मोफत जाण्याची सवलत ही नुसती मेहरबानी नव्हे. एवढ्या विस्तीर्ण शहरात चालक वेळेवर व ताजातवाना कामावर यावा, यात उपक्रमाचेही हित आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. एका न्यायमूर्तींचे मत मात्र निराळे पडले.

या विचारास पूर्णता येण्यास आणखी बासष्ट वर्षे लागली. २००३ साली मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरांवर अपघातात दगावला. उच्च न्यायालयात त्याच्या कुटुंबाचा दावा फेटाळला गेला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. ज्याच्या कामाची वेळच पहाटे तीनची, त्याचा त्या काळोखातला प्रवास कामापासून तोडून कसा पाहावा, या प्रश्नाला अखेर उत्तर मिळाले.

कायदा अपघातानंतर बोलतो. शहाणा मालक आधीच व्यवस्था करतो. याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेत सापडते. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरानजीक थ्री-एम नावाची मोठी कंपनी आहे. तेथील नोकर एकेकटे मोटार घेऊन येत आणि मोटारी उभ्या करण्यास जागा पुरेना. १९७३ च्या वसंतात कंपनीने सहा व्हॅनगाड्या घेतल्या. एका भागात राहणाऱ्या डझनभर नोकरांनी एका गाडीतून यावे. त्यांच्यापैकीच एकाने ती चालवावी व त्याबद्दल त्यास भाडे माफ असावे. बाकीच्यांच्या मासिक भाड्यातून खर्च भागावा, अशी ती साधी योजना होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि कंपनीच्या सोयीसाठी काढलेली युक्ती राष्ट्रीय महत्त्वाची ठरली.

नोकराची सोय न पाहता केवळ हुकूम सोडला, तर काय होते, हे लॉस एंजेलिसने पाहिले. १९७६ च्या मार्चमध्ये तेथील सांता मोनिका महामार्गाची एक चालू मार्गिका बसगाड्यांसाठी व किमान तीन माणसे असलेल्या मोटारींसाठी राखून ठेवण्यात आली. हेतू चांगला होता. पण लोकांच्या हातची वाट काढून घेतली गेली. उरलेल्या मार्गिकांत कोंडी झाली, संतापाचा डोंब उसळला, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाच्या आदेशाने प्रयोग थांबला. त्याच शहरात एल मॉन्टेच्या बाजूस नवी, वेगळी मार्गिका बांधून केलेला प्रयोग मात्र टिकला.

मुंबईला हा धडा लागू पडतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी थंडावली आणि त्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. ज्या परळात कामगार पायी येत, तेथे आता विरार-डोंबिवलीहून माणसे लोंबकळत येतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, ऐन कचेरीच्या वेळी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांनी प्राण गमावले. पूल रुंद हवाच होता. पण सर्वांनी एकाच घटकेस कामावर यावे हा दंडकही तितकाच अरुंद होता. १ नोव्हेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेने मुंबईतील आपल्या कचेऱ्यांसाठी साडेनऊ व साडेअकरा अशा दोन वेळा ठेवून इतर मालकांनाही तसे करण्याचे आवाहन केले. पूल बांधण्यास वर्षे लागतात. घड्याळाचा काटा सरकविण्यास एक परिपत्रक पुरते.

आणि तरीही सर्वांत लांबची वाट शहरातल्या नोकराची नव्हे, ती दुष्काळी खेड्यातल्या मजुराची आहे. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पूर्वीचे अहमदनगर, या जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अल्पपावसाचे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर खचत गेले. माणसे कामासाठी मुंबई-पुण्याकडे गेली. त्यांची ये-जा रोजची नव्हती, वर्षाची होती. त्याच सुमारास महाराष्ट्रात रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. तिचे जनक वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यात केला होता. या योजनेत सरकारच मालक होते. पुढे २००५ साली केंद्राने जो रोजगार हमीचा कायदा केला, त्यात काम मजुराच्या घरापासून पाच किलोमीटरांच्या आत द्यावे आणि ते न जमल्यास वाटखर्चापोटी दहा टक्के अधिक मजुरी द्यावी, असे कलम घातले गेले. वाटेलाही मोल आहे, हे एवढ्या स्पष्टपणे क्वचितच लिहिले गेले असेल.

हिवरे बाजारात १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. रोजगार हमी, आदर्श गाव योजना आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांच्या बळावर डोंगरउतारावर चर खणले गेले, झाडे लावली गेली. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली गेली, पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरू लागली. विहिरींना पाणी आले, शेत व गोठा यांत बारमाही काम निर्माण झाले, आणि गेलेली कुटुंबे परतू लागली.

सर्व शहरांना हिवरे बाजार होता येणार नाही. परंतु काम नेमून देणाऱ्याने ते करणारा कोठून, केव्हा आणि कसा येतो एवढे विचारण्यास आरंभ केला, तरी अर्धी वाट सरेल.